फिल्टरला वाहिलेल्या अक्षता

ज्या बाईला तुंबलेला स्टोव्ह पिनेने मोकळा करता येतो, तिला गाडीचा पेट्रोल फिल्टर बदलता येतोच! हे माझं मत मी सकाळच्या चहाबरोबर ह्यांना ऐकवलं.

"अगं, स्टोव्ह बिघडला तर माणूस घरातच असतं," हे म्हणाले. "गाडी चांदवडच्या चढावर बसली तर?"

दुपारी नांदगावला छायाचा साखरपुडा होता. छाया म्हणजे माझ्या नणंदेची, मनीषाची लेक. आमच्या आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, कडेवर वाढवलेली नात! आत्याबाईंचा गुडघा एसटीची पायरी चढत नाही, आणि आमची जुनी मारुती आठवडाभर दमेकऱ्यासारखी खोकत होती. फिल्टर तुंबलाय म्हणून नवा आणून ठेवलेला, पण गॅरेजवाला रावजी नेमका सुरगाण्याला सासुरवाडीत.

"तुम्ही जा. मी ऱ्हाईन घरी," म्हणत आत्याबाईंनी काढलेलं नवं लुगडं पुन्हा पेटीत ठेवलं.

ते मला बघवेना! मी पकड उचलली.

रावजीच्या डोक्यावर उभं राहून, त्याला भंडावून सोडून मी हे काम शिकले होते. इंजिन थंडगार. गाडी अंगणात, मोकळ्या हवेत. बॅटरीची वायर सोडवली, टाकीचं झाकण उघडून दाब घालवला, वाळूची बादली जवळ ठेवली आणि ह्यांना गेटवर उभं केलं.

"अंगणात कोणी काडी पेटवायची नाही!"

"मीसुद्धा?"

"तुम्ही तर मुळीच नाही!"

जुना फिल्टर निघाला. आत खरकट्या कढईसारखा काळा! नळीतून पेट्रोल ठिबकायला लागलं, तसा मी तिच्या तोंडावर अंगठा दाबला आणि दुसरा हात नव्या फिल्टरसाठी ओट्यावर फिरवला. ओटा रिकामा!

"अहो, नवा फिल्टर कुठंय?"

"देवापुढं नेलाय म्या!" घरातून आवाज आला.

आमच्याकडे कुकरची रबरी रिंगसुद्धा हळदकुंकू लागल्याशिवाय कामाला लागत नाही. आत्याबाई दारात आल्या. हातात ताट, ताटात फिल्टर आणि शेजारी पेटलेलं निरांजन!

"आत्याबाई, तिथंच थांबा!" मी पकड उगारून ओरडले. "पुढं आलात तर बघा!"

"अगं, नुसतं ओवाळते."

"मागं व्हा! दिवा विझवा आधी!"

"दिवा फुंकू नये! शुभ दिवस हाय आज!"

तेवढ्यात कुंपणावर शेजारच्या कलाबाईंचं डोकं उगवलं. त्यांना काय दिसलं? हत्यार उगारलेली सून आणि मागे सरकणारी म्हातारी!

"अहो, धावा! सून सासूच्या अंगावर गेली!"

धावून आले ते त्यांचे यजमान खंडेराव. थेट अंगणात, तोंडात पेटलेली बिडी!

"अहो, ह्यांना आत कसं सोडलंत?" मी ह्यांच्यावर डाफरले.

"काडी त्यांनी मघाशीच गेटबाहेर पेटवली," हे म्हणाले. "माझ्याच काडेपेटीतली होती!"

"वहिनी," खंडेराव समजुतीने म्हणाले, "म्हातारं माणूस आहे. जे काय असेल ते मला सांगा."

"पेट्रोल आहे!" मी किंचाळले.

"अगं बाई, पेट्रोलसुद्धा आणून ठेवलंय!" कलाबाई गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या. गल्ली आली!

पेट्रोल हा शब्द मात्र आत्याबाईंच्या डोक्यात शिरला. त्या वळल्या, निरांजन देवापुढं ठेवून दार ओढून घेतलं आणि गुडघ्याला न जुमानता खंडेरावांसमोर उभ्या राहिल्या.

"बिडी रस्त्यावर टाका आधी! माझी सून गाडी नीट करतीय!"

खंडेराव बिडीसकट बाहेर!

नळीवर ह्यांचा अंगठा बसला आणि फिल्टर माझ्या हातात आला. त्यावरचा बाण इंजिनाकडे हवा, पण बाणावर कुंकवाचा मळवट! पदराने पुसला. हलवून बघितला तर खुळखुळ!

"आत्याबाई, अक्षता कुठून वाहिल्या?"

"त्याच्या तोंडातून. नैवेद्य काय पाठीला लावत्यात?"

उलटा धरून, टिचक्या मारून एकेक दाणा बाहेर काढला. फिल्टर बसवला, पट्ट्या आवळल्या, सांडलेलं पुसलं, कुठे ओल नाही हे बोट फिरवून पाहिलं. वास पार उडेपर्यंत सगळ्या गल्लीला ताटकळत ठेवलं. मग बॅटरी जोडून चावी फिरवली.

खर्रर्र... खर्रर्र...

"च्च!" कलाबाई.

भुर्रर्रर्र! खंडेरावांनी टाळ्या वाजवल्या. आत्याबाई लुगडं नेसायला पळाल्या. हो, पळाल्याच!

चांदवडचा चढ गाडीने असा घेतला, जणू उतारच! एक ढास नाही, एक शिंक नाही. नांदगावला वेळेत उतरलो. मी पैठणीचा पदर सावरून कौतुक झेलायच्या तयारीने मांडवात पाऊल टाकते, तोच मनीषा धावत आली.

"वहिनी, नवऱ्या मुलाची गाडी वेशीजवळ बंद पडलीय! मेकॅनिक कुठून आणू?"

"मेकॅनिक कशाला?" आत्याबाई अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल अशा गरजल्या. "माझी सून हाय की!"

मी पैठणी खोचून निघाले. बॉनेट उघडलं, वायरी तपासल्या, नळ्या चाचपल्या, फिल्टर निरखला. माझं ज्ञान संपायची वाट न बघता नवरा मुलगा कुणाच्यातरी मोटारसायकलवर बसून गेला. शेवटी घाम पुसत मी आत डोकावून चावी फिरवली.

पेट्रोलचा काटा तळाला! टाकी कोरडी ठाक!

मांडवात परतले तेव्हा अंगठ्या घालून झाल्या होत्या. आत्याबाईंनी माझे काळे हात पाहून पेढा स्वतःच माझ्या तोंडात कोंबला.

"काय गोड दिसत होती गं छाया! तू नेमकी कुठं गेली होतीस?"

तोंडात पेढा होता, म्हणून निभावलं!