घोंगडीखालची ठिणगी

नाव भर तापीत बंद पडली, की कौतिकनाना इंजिनाला हात लावण्याआधी आम्हा उतारूंवर डोळे वटारायचे. "कोन खोटं बोलनं?"

शिरपूरजवळच्या घाटावर नाना नाव चालवत. कुण्या साहेबाच्या शिकारी बोटीचं जुनं इंजिन ठेकेदारानं लिलावात घेऊन लाकडी नावेच्या मागे अडकवलं होतं. साहेब गेला, त्याचा तोरा मागे राहिला. जरा ओल लागली की ठिणगी पडेना. नाना प्लग काढायचे, धोतराच्या सोग्यानं पुसायचे, काडेपेटीच्या पट्टीवर घासायचे. उजेडात ठिणगी दिसत नाही, म्हणून स्वतःवर आणि इंजिनावर घोंगडी ओढून घ्यायचे. मग आतून आम्हा सगळ्यांना हुकूम यायचा, "बठ्ठा खाले बसा. खोटं बोलनं व्हई त्यानी सांगी टाका. तोपर्यंत हाई पेटाव नही."

मी शाळामास्तर. मला हा शुद्ध अडाणीपणा वाटायचा. पण त्या घोंगडीपुढे भलेभले नमत. दलाल शेठ कापसावर पाणी मारल्याचं सांगत. सोनाअक्का सासूला देवळाचं सांगून बाजारात आलेली असे. मग इंजिन लागे आणि नाना खुशीत येत. "मना पोऱ्या सूरतले मिलमा शे. आखाजीले येई."

"कुठल्या सालच्या अक्षय्य तृतीयेला, नाना?" मी एकदा चिडवलं होतं. त्यांनी हसत नाव काठाकडे वळवली.

श्रावणातल्या एका बाजाराच्या दिवशी आम्ही निम्म्यात असताना वरून लोंढा आला. इंजिनावर पाणी उडालं आणि ते गप्प झालं. बांबू तळाला टेकेना. नाव खालच्या खडकांकडे निघाली. अक्कानं कडेवरच्या पोराला छातीशी धरलं. शेठ उठायला लागले.

"बसा! कोन खोटं बोलनं?" नाना गरजले आणि घोंगडीत शिरले.

शेठनी एका दमात सगळं सांगितलं. अक्का रडत रडत बोलली. मीही माझं एक जुनं खोटं सांगून टाकलं. नाना इंजिनाची दोरी ओढत होते, प्लग पुसत होते, पुन्हा बसवत होते. ठिणगी नाही. खडकांवर फुटणारं पाणी आता ऐकू येत होतं. सांगायला कुणाकडे काही उरलं नव्हतं. शेठ ओरडले, "नाना, तुम्हीच राहिलात!" आणि उभेच राहिले. नाव कलली.

"बसा, शेठ, पाया पडस तुमना!" घोंगडीतून आवाज आला, तो नानांचा वाटेना. "सूरतले कोनीच नही शे. मना पोऱ्या खालना घाटले बुडना. असंच इंजिन बंद पडनं. लोके घाबरीसन उभा राह्यनात, नाव उलटनी."

शेठ मटकन खाली बसले. पाप आठवत बसलेला माणूस उभा राहत नाही, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप होता. मला माझ्या त्या चेष्टेची लाज वाटली. नाना प्लग पुसतच राहिले. बऱ्याच वेळानं इंजिन खोकलं आणि लागलं. कुणीही जयजयकार केला नाही.

पुढच्या खेपेला नाना म्हणाले, "पोऱ्या आखाजीले येई, मास्तर."

"येईल की," मी म्हणालो.

पाणी ओसरल्यावर एकदा नाव पुन्हा बंद पडली. नानांनी घोंगडी ओढली. "कोन खोटं बोलनं?"

त्यांची पाळी येऊ नये म्हणून आम्ही तिघे एकदमच बोलायला लागलो. शेठनी स्वतःच्या भावाला लुबाडलं. त्यांना भाऊच नव्हता. अक्कानं शेजारणीची कोंबडी चोरली. मी कुणाच्या तरी आमराईत शिरलो. सगळं बनवलेलं. इंजिन पहिल्याच दोरीला लागलं.

नाना घोंगडीतून बाहेर आले. आमच्या एकेकाच्या तोंडाकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"देखा," ते हळूच म्हणाले, "बठ्ठा खरं बोलनात."