पोहणाऱ्या अस्वलाची निवडणूक

एका जंगलात, आपल्याकडच्या नव्हे हं, सातासमुद्रापलीकडच्या अमेरिकेतल्या, तुमच्या खापरपणजोबांच्या काळी झिपरोजी नावाचं एक अस्वल राहायचं. अंगानं दांडगं, मनानं गरीब आणि पाण्याला भलतंच भित्रं. आंघोळसुद्धा दवात लोळून उरकायचं.

त्या वर्षी जंगलाचा अध्यक्ष निवडायचा होता. एका बाजूनं झिपरोजी उभे राहिले, दुसऱ्या बाजूनं गवा.

तिथं एक रीत होती बरं का. उमेदवारानं स्वतः तोंड उघडायचं नाही. आपणच आपल्यासाठी मतं मागायची म्हणजे निव्वळ निलाजरेपणा! त्यानं आपलं ओसरीवर बसून राहायचं. बोलायचं ते वर्तमानपत्रांनी. झिपरोजींच्या बाजूनं कावळ्याचं ‘वनडंका’ बोले, गव्याच्या बाजूनं कोल्ह्याचं ‘रानगर्जना’.

एके सकाळी झिपरोजी ‘वनडंका’ उघडून बघतात तो काय! ‘महापुरात झिपरोजींनी पिल्लांची अख्खी शाळा पाठीवरून नदीपार नेली!’

झिपरोजी धापा टाकत छापखान्यात गेले. “अहो कावळेपंत, मला पोहता येत नाही!”

“हे कुणाजवळ बोललात का?”

“नाही.”

“मग बोलूही नका. रीत मोडेल.”

कोल्हा कसला गप्प बसतोय! त्यानं छापलं, ‘ती पिल्लं आधी झिपरोजींनीच पाण्यात ढकलली होती.’ झालं! ढकललं की वाचवलं, यावर जंगलभर हमरीतुमरी सुरू झाली. मुळात पूर आलाच नव्हता, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. झिपरोजींच्या जिवाला मात्र घोर लागला. उद्या खरंच कुणी बुडालं, तर?

आणि बुडालंच की! मतदान तोंडावर आलेलं, आणि सशिणीचं पोर नदीत पडलं. सगळे झिपरोजींकडे बघायला लागले.

“उडी मारा ना हो!” सशीण टाहो फोडून म्हणाली.

झिपरोजींना लाज वाटली, रडू आलं, पण पाय काही उचलेना. तेवढ्यात गव्यानं धाडकन उडी घेतली आणि पोराला शिंगांवर उचलून काठावर आणलं.

दुसऱ्या दिवशी वनडंक्यात आलं, ‘झिपरोजींनी ससुल्याला तारलं!’ रानगर्जनेत आलं, ‘झिपरोजींनी ससुल्याला ढकललं!’

“अरे, आणि मी?” गव्यानं कोल्ह्याला विचारलं.

“गवोबा, तुमचं कौतुक कोण वाचतंय? लोकांना शिव्या लागतात.”

सशीण झिपरोजींच्या ओसरीवर येऊन पाया पडली. “मला मेलीला वाटलं, गव्यानंच काढलं. रडताना नीट दिसत नाही हो!”

“बाई, तो गवाच होता!” झिपरोजी कळवळून म्हणाले. रीत गेली खड्ड्यात!

कावळ्यानं लगेच छापलं, ‘केवढा हा विनय!’ त्या विनयावरच झिपरोजी निवडून आले.

अध्यक्ष झाल्यावर रोज सकाळी मध चाटत ते वनडंका वाचू लागले. वाचता वाचता त्यांना वाटायला लागलं, एवढं छापून येतंय, म्हणजे आपल्यात काहीतरी असेलच की. एक दिवस गेले नदीवर आणि घेतली उडी.

नाकातोंडात पाणी, नुसत्या गटांगळ्या! नशीब, गवा पाणी प्यायला आला होता. त्यानं ढुशा देत देत त्यांना काठाला लावलं. “जपून हो अध्यक्षसाहेब,” एवढंच म्हणाला आणि अंग झाडून निघून गेला.

सकाळी वनडंक्यात ठळक अक्षरांत आलं, ‘अध्यक्षांनी बुडत्या गव्याला वाचवलं!’

झिपरोजींनी ते पुन्हा पुन्हा वाचलं. मान वर केली तर दारात गवा उभा. शिंगाला तोच अंक अडकवलेला.

“साहेब,” तो ओशाळून म्हणाला, “काल तुमचे आभार मानायचे राहूनच गेले.”

झिपरोजींनी क्षणभर अंकाकडे पाहिलं. मग गव्याच्या पाठीवर हात ठेवला.

“असू दे रे. पण पुन्हा खोल पाण्यात जाऊ नकोस.”

तात्पर्य : बाळांनो, पोहायला शिकण्यात उगाच वेळ घालवू नका. एक कावळा पाळा. जवळपास एखादा गवाही असू द्या. त्याला काही सांगावं लागत नाही, तो वाचतो.