सात रस्त्याच्या फॉर्मवाल्या अक्का

ऑनलाइन अर्ज भरायला आलेल्या प्रत्येक आईबापाला महानंदाक्का टाचण्या आणायला पाठवतात. कॉम्प्युटरवरच्या अर्जाला टाचणी कुठे टोचायची, हे आजवर कुणी विचारलेलं नाही, कारण अक्का तेवढी उसंतच देत नाहीत. "उठा की! हितं बसून काय करताय? टाचण्या न्हाईत!" पोलीस खात्यातला एक धिप्पाड साहेब मुकाट्याने टाचण्या आणायला गेलेला मी स्वतः पाहिला आहे.

सात रस्त्याजवळच्या बोळात त्यांचं अर्ज भरून देण्याचं दुकान आहे. वय पन्नाशीच्या पुढे, मूळच्या वळसंगच्या, लग्न केलेलं नाही. रोज सकाळी जुन्या टूथब्रशने कीबोर्ड घासतात आणि आकडे टाइप करताना कानडीत पुटपुटतात. साईट अडकली की कॉम्प्युटरला सोडून गिऱ्हाइकाला रागावतात. "तुमी टक लावून बसलाय म्हणून ती चालंना!" पोरांना मात्र एकच प्रश्न असतो, "हे मार्क खरे हायेत, का बापाला दाखवायचे?"

मला ही बाई भयंकर उद्धट वाटायची. माझी मुलगी सायली बारावी झाली तेव्हा दुसरं दुकान शोधत मी दोन दिवस फिरलो आणि शेवटी झक मारत तिथंच गेलो.

सायलीने दोन परीक्षा दिल्या होत्या. जेईईत त्र्याण्णव पर्सेंटाइल, सीईटीत एक्क्याऐंशी. नागपूरच्या एका खासगी कॉलेजला दोन्ही चालत होत्या, अर्जात मात्र एकाच परीक्षेचे मार्क भरायचे होते. यात विचार तो काय करायचा? त्र्याण्णव टाका आणि मोकळे व्हा, असं मी खुर्चीत टेकता टेकताच सांगून टाकलं. सायली गुणपत्रिकेचा कोपरा दुमडत होती. तिची आई जाऊन तीन वर्षं झाली, तेव्हापासून ती तशी कमीच बोलते.

"ब्याड ब्याड, नगं एवढी घाई, तुमी उठा आधी," अक्का म्हणाल्या. "टाचण्या आणा."

निघालो. कोपऱ्यावर गेल्यावर डोक्यात प्रकाश पडला, ऑनलाइन अर्जाला टाचणी कशाला? तणतणत माघारी फिरलो, तर दाराशीच सायलीचा आवाज कानावर आला.

"अक्का, सीईटीचे टाका."

"एक्क्याऐंशी? त्र्याण्णव सोडून?"

"त्याच्यावर नागपूर लागणार नाही. मग मी इथल्याच कॉलेजात जाईन. पप्पांना एकट्याने जेवता येत नाही. मला क्लासहून यायला उशीर झाला तर ताट झाकून बसून राहतात."

खरं होतं ते. पण तिच्या ते ध्यानात आलंय, हे मला ठाऊक नव्हतं. मला फार लाज वाटली. आत जायचा धीर होईना.

"मी बी असंच केलतं," अक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज एवढा हळू मी पहिल्यांदाच ऐकत होतो. "आमचे वडील, आप्पा, एकटे पडतील म्हणून धारवाडच्या कॉलेजचा फॉर्मच पाठवला न्हाय. त्यांना सांगितलं, नंबर लागला न्हाय."

"मग?"

"लई वर्सांनी त्यांना तो फॉर्म ट्रंकेत घावला. रडले बघ. 'मला एकदा विचारायचं की गं' म्हनले. मी काय सांगनार? विचारलं असतं तर जा म्हनले असते. म्हनून तर विचारलं न्हवतं."

आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग अक्का बाहेर आल्या. मला बघून दचकल्यासुद्धा नाहीत.

"ऐकलं न्हवं? जावा आत. मी हितं उभारते."

मी आत गेलो. मला नीट बोलता येत नाही. "सायली, मला एकट्याने जेवायला शिकू दे," एवढंच म्हणालो. ती रडली. मीही रडलो.

थोड्या वेळाने अक्का आल्या, पदराने नाक पुसलं, आणि काय ठरलं हे न विचारताच त्यांनी त्र्याण्णव टाकले. मग स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाल्या, "तितं पोचलीस की पप्पांना फोन कर. आन् जमलं तर मला बी कर."

"कधी करू, अक्का?"

"कवाबी कर. सातनंतर मी मोकळीच असते."