करवंदाची टेकडी आणि राजाचं एक वाक्य

एका जंगलात, मुलांनो, एक बिबट्या राज्य करत होता. वाघ का नाही, असं लगेच विचारू नका. वाघ होता, पण फार पूर्वी त्याला शेजारच्या अभयारण्यात कायमची नोकरी लागली. सकाळ-संध्याकाळ जीपमधून येणाऱ्या पाहुण्यांना दर्शन द्यायचं आणि उरलेला वेळ लोळायचं. अशी नोकरी सोडून राज्य कोण करील? तेव्हा गादी बिबट्यांकडे आली आणि त्यांच्याकडेच राहिली.

आपल्या गोष्टीतल्या बिबट्याचं नाव ठिपकोजीराव. स्वभावाने बरा होता. म्हातारा झाला होता.

त्या जंगलात एक रीत होती. दर वर्षी पळस फुलला की सगळी जनावरं उंबराखाली जमायची आणि साळुंकीबाई राजघराण्याची बखर म्हणून दाखवायच्या. बखर त्यांना तोंडपाठ होती, कारण ती अगदी छोटी होती. एका राजाला एक वाक्य. दोन का नाहीत? एकदा दोन करून पाहिली होती. दुसऱ्या वाक्याला हरणं उठून चरायला गेली.

राजा जिवंत असेपर्यंत त्याचं वाक्य कच्चं. ते दर वर्षी बदलता येई. राजा मेला की वाक्य पक्कं. मग ते ब्रह्मदेवालाही बदलता येत नसे.

"थोरले महाराज," साळुंकीबाई म्हणायच्या, "यांनी एका डरकाळीत डोंगर हलवला."

खरं म्हणजे त्या दिवशी लहानसा भूकंप झाला होता आणि महाराज जांभई देत होते. पण वाक्य पक्कं झालं ते झालं.

"मधले महाराज. यांना झोप चांगली लागे."

"धाकटे महाराज. यांच्या काळात मोहाला फुलं बरी आली."

हे धाकटे महाराज म्हणजे ठिपकोजीरावांचे वडील. त्यांनी एक वणवा थोपवला होता, दोन दुष्काळ निभावले होते. आणि उरलं काय, तर मोहाची फुलं. दर वर्षी हे वाक्य आलं की ठिपकोजीराव खाली मान घालून पंजा चाटत बसायचे.

त्या वर्षी साळुंकीबाईंनी त्यांचं स्वतःचं वाक्य म्हटलं.

"ठिपकोजीराव. यांच्या काळात विशेष काही घडलं नाही."

जनावरांनी शेपट्या आपटून मनापासून दाद दिली. त्यांना वाक्य फार आवडलं. राजाचं तोंड मात्र उतरलं.

सभा पांगल्यावर ते साळुंकीबाईंजवळ गेले. "बाई, माझे दोन दात उरलेत. उद्या मी गेलो आणि हे वाक्य पक्कं झालं तर?"

"तर पक्कं झालं."

"जरा बरं वाक्य नाही का बसवता येणार?"

"मी घडलेलं म्हणते, महाराज," साळुंकीबाई म्हणाल्या. "तुम्ही आधी काहीतरी घडवा."

राजाने प्रधानांना बोलावलं. प्रधानांचं नाव खवलेपंत. ते जातीचे खवल्या मांजर. कोणी अवघड प्रश्न विचारला की ते अंगाची गुंडाळी करून चेंडू होत. आत काय विचार चालतो हे कोणाला कळत नसे. त्यामुळे ते फार हुशार आहेत अशी त्यांची ख्याती होती.

"पंत, राजाचं नाव कशाने होतं?"

खवलेपंत चेंडू झाले. अर्ध्या तासाने आतून आवाज आला, "सीमाप्रश्नाने."

"आपल्याकडे आहे का एखादा?"

"नाही. पण टेकडी आहे."

टेकडी होती खरी. ह्या जंगलाच्या आणि पलीकडच्या जंगलाच्या बरोब्बर मध्ये. तिच्यावर करवंदाच्या जाळ्याच जाळ्या होत्या. सकाळी इकडची जनावरं करवंदं खायची, संध्याकाळी तिकडची. हे कोणी ठरवलं नव्हतं आणि म्हणूनच ते सुरळीत चाललं होतं. टेकडीवर अंबूआक्का नावाची अस्वलीण दोन पिल्लांना घेऊन राहायची. तू कोणत्या राज्यातली, असं कोणी विचारलं तर म्हणायची, "म्या करवंदातली."

एक गोष्ट लक्षात ठेवा. बिबट्या करवंद खात नाही. पलीकडचा राजा सुळोजीराव रानडुक्कर, तोही खायचा नाही. त्याच्या नाकाला काटे टोचायचे.

आता जनावरं सरहद्द कशी आखतात, ते सांगतो. मागच्या बाकावरच्यांनो, हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. आपल्याकडे नकाशे असतात. जनावरांकडे वास असतो. झाडाकडे पाठ करायची, शेपटी वर करायची आणि एक फवारा सोडायचा. झालं राज्य.

ठिपकोजीराव भल्या सकाळी टेकडीवर गेले. त्यांनी अकरा जाळ्यांवर राज्य केलं आणि परत येऊन जाहीर केलं, "टेकडी पिढ्यान्‌पिढ्या आपली आहे. माझा वास साक्षीला आहे."

दुसऱ्या दिवशी सुळोजीराव येऊन बावीस जाळ्यांवर राज्य करून गेला.

झालं. जंगलात एकच धमाल उडाली. इतकी वर्षं काही घडलं नव्हतं आणि आता रोज घडत होतं. खवलेपंतांनी जलपान मोहीम काढली. प्रत्येक नागरिकाने तळ्यावर जाऊन पोट फुटेस्तोवर पाणी प्यायचं आणि रांगेने टेकडीवर जायचं. हरणं भित्री असल्यामुळे दचकली की लगेच मोकळी व्हायची. म्हणून त्यांना मागून भॉक करण्यासाठी टेकडीवर खास माकड नेमलं. सशाचं माप कमी भरलं म्हणून त्याच्या जंगलप्रेमाची चौकशी झाली. कासव तुडुंब भरून मोठ्या निष्ठेने निघालं, पण पोचेपर्यंत त्याची सगळी सरहद्द आपल्याच हद्दीत सांडून गेली.

पलीकडेही हेच. सुळोजीरावाने तर पाहुणा म्हणून एक हत्ती आणला. हत्तीने एकदाच मनापासून फवारणी केली. सरहद्द दोन शेतं पुढे सरकली, पण सुळोजीरावाचे सात सरदार उतारावरून वाहून ओढ्यात गेले. इकडे विजयाचा जल्लोष झाला, तिकडे सात सरदारांना शूर म्हणून पळसाचे हार घातले. भिजलेले होते, पण शूर होते.

तळं हातभर खाली गेलं. टेकडीवरची पानं पिवळी पडली. वाऱ्याची दिशा बदलली की उंबराखालची सभा आपोआप बरखास्त व्हायची.

आणि ऐन वैशाखात करवंदं पिकली.

अंबूआक्का दरबारात आली. तिने नाकात ओल्या मातीचे बोळे घातले होते, म्हणून बोलणं जरा गेंगाणं येत होतं.

"म्हाराज, माजी दोन पिल्लं उपाशी हायेत," ती म्हणाली. "करवंद तोंडात घातलं की तुमचीच आठवण येती."

एका कोल्ह्याला हसू आवरेना म्हणून तो खोकला.

ठिपकोजीरावांना वाईट वाटलं. खरोखर वाटलं. आक्काची पिल्लं त्यांनी डोळे न उघडलेली असल्यापासून पाहिली होती. सगळं थांबवावं, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं. पण त्यांनी आधी साळुंकीबाईंकडे पाहिलं.

"बाई, सध्या कच्चं वाक्य काय आहे?"

"ठिपकोजीराव. यांनी टेकडीसाठी झगडा मांडला."

"आणि मी आता थांबलो तर?"

"तर, मांडला आणि आवरला."

राजा विचारात पडला. "आक्का," तो शेवटी म्हणाला, "जंगलासाठी थोडं सोसायला हवं."

आक्का गेली. पिल्लांना ती वारुळं उकरून वाळवी खायला घालू लागली. पण करवंदाच्या दिवसांत कोणत्या पिल्लाला वाळवी गोड लागते?

अशातच राजावर संकट आलं. वय झालेलं, मुलांनो. म्हाताऱ्या माणसांना जी अडचण येते तीच बिबट्यांनाही येते. महाराज जाळीकडे पाठ करून उभे राहत आणि राज्य काही होत नसे. प्रजेसमोर फजिती नको, म्हणून ते भर दुपारी एकटेच जाऊ लागले. तेव्हा सगळे झोपलेले असत.

एका दुपारी ते असेच एका जाळीशी उभे होते. बराच वेळ झाला होता. तेवढ्यात जाळीच्या पलीकडून आवाज आला, "घाई करू नका. मलाही वेळ लागतोय."

"कोण?"

"सुळोजीराव."

दोन्ही राजे जरा वेळ आपापल्या बाजूला तसेच उभे राहिले.

"ठिपकोजीराव," सुळोजीराव म्हणाला, "एक विचारू? तुम्हाला ही टेकडी कशाला हवी होती?"

"टेकडी कोणाला हवी होती? मला वाक्य हवं होतं."

"अरे देवा," सुळोजीराव मटकन खाली बसला. "आमच्याकडे सुतारपक्षी जुन्या सागावर राजाचं नाव आणि पुढे एक वाक्य कोरतो. माझ्या नावापुढे नुसती कोरी साल आहे. तुम्ही टेकडीवर आलात, तेव्हा मला किती आनंद झाला म्हणून सांगू."

ठिपकोजीरावही खाली बसले. आता खरी वाटाघाट सुरू झाली.

"टेकडी तुम्ही घ्या, वाक्य मला द्या."

"छे छे. टेकडी तुम्हीच ठेवा. मला वाक्य द्या."

"मी टेकडीबरोबर ओढाही देतो."

"ओढ्यात माझे सरदार पडले होते. नको मला तो."

असं तासभर चाललं. शेवटी ठिपकोजीरावांना एकदम सुचलं. "आपण दोघंही जिंकलो तर? तुमच्याकडे तुम्ही जिंकलात, माझ्याकडे मी जिंकलो. सकाळी आमची जनावरं, संध्याकाळी तुमची, आधी होतं तसं. माझ्या प्रजेला सांगतो, तुमच्या जनावरांना उदार मनाने येऊ देतोय. तुम्हीही तेच सांगा."

"पण समझोता झाला, हे कळलं तर?"

"तर आपण नुसते शहाणे ठरू, सुळोजीराव. आणि शहाण्याचं वाक्य होत नाही."

दोघांनी नाकाला नाक लावलं. दोघंही इतके मोकळे झाले, की अडचणही तिथल्या तिथे सुटली. एकाच जाळीवर, एकाच वेळी.

त्या जाळीत अंबूआक्का बसली होती. तिने सगळं ऐकलं. अंग झटकलं आणि गप्प राहिली. पिल्लांना खायला मिळणार होतं, तिला एवढं पुरे होतं.

दोन्ही जंगलांत एकाच दिवशी विजयोत्सव झाला. इकडे ढोल वाजत होते. मध्येच थांबले की तिकडचे ढोल ऐकू यायचे.

"पंत, पलीकडे हे काय चाललंय?" एका रानमांजराने विचारलं.

"पराभवाचं रडणं," खवलेपंत म्हणाले. "त्यांच्यात वाजवून रडतात."

पावसाळ्याने टेकडी स्वच्छ धुतली. पुढच्या वर्षी करवंदं अशी आली, की जाळ्या काळ्याभोर दिसत होत्या. सकाळी इकडचे खात, संध्याकाळी तिकडचे. आक्काची पिल्लं गोल गरगरीत झाली. दोन्ही राजे मनातल्या मनात हसत राहिले आणि लागोपाठच्या दोन हिवाळ्यांत आपापल्या जंगलात सुखाने गेले.

ठिपकोजीरावांचं वाक्य पक्कं झालं. "यांनी शत्रूला धूळ चारून करवंदाची टेकडी जिंकली." बखरीत इतकं देखणं वाक्य दुसरं नव्हतं. आयाबाया पिल्लांना निजवताना तेच म्हणत.

गादीवर युवराज पंजाजीराव बसले. तरुण होते, सगळे दात जागेवर होते. राज्याभिषेकाला त्यांनी वडिलांचं वाक्य ऐकलं आणि छाती फुगवून टेकडीकडे पाहिलं. वेळ संध्याकाळची होती.

"पंत, टेकडी आपण जिंकली ना?"

"बखरीत आहे, महाराज."

"मग ही डुकरं तिथे काय करतायत?"

खवलेपंत चेंडू झाले. ह्या वेळी आतून आवाज आलाच नाही.

पलीकडेही नवे राजे आले होते. सुळोजीरावाचे चिरंजीव सागावरचं कोरीव वाक्य वाचून सकाळी सकाळी टेकडीकडे पाहत होते आणि विचारत होते, "ही हरणं तिथे कोणाच्या परवानगीने चरतात?"

फवाऱ्यांचे दिवस गेले होते. आता दात बाहेर आले आणि सुळे बाहेर आले.

अंबूआक्का धावत उंबराखाली आली. "आरं बाबांनो, थांबा," ती म्हणाली. "कुनीबी जिंकलं नव्हतं. दोगं म्हातारे माज्याम्होरं एका जाळीशी बसून समजुतीनं मिटवून गेले. म्हनून तर आपन पोटभर खाल्लं."

पंजाजीरावांना क्षणभर ते पटलं. टेकडीचा विषय निघाला, की वडील मिशीत हसायचे, हे त्यांना आठवलं. पण हे खरं धरलं, तर लढायला काही उरत नव्हतं. आणि लढायला उरलं नाही, तर आपल्या वाक्यात काय घालायचं?

"आमच्या तीर्थरूपांनी शत्रूशी समझोता केला?" ते गुरगुरले. "ही बदनामी आहे."

"बदनामी," सगळी जनावरं म्हणाली. त्यात ससाही होता. त्याला ह्या खेपेला मागे राहायचं नव्हतं.

आक्काला टेकडीवरून हाकलून दिलं. तिकडे गेली तर तिकडेही हेच झालं, कारण तिथे ती सुळोजीरावाची बदनामी होती. पिल्लांना पुढे घालून ती तिसऱ्याच दिशेला चालू लागली. पिल्लं वळून वळून मागे बघत होती. त्यांना वाटत होतं, आई वाट चुकली.

त्या वर्षीही करवंदं उत्तम आली. दोन्ही सैन्यांनी मिळून ती तुडवली. हरणं गेली, डुकरं गेली, ससा गेला. दोन्ही तरुण राजे एकाच दुपारी पडले.

दोघांचीही वाक्यं फार सुंदर झाली आहेत.

तात्पर्य: मुलांनो, थोर राजाने शेजाऱ्याशी समझोता जरूर करावा, पण तो कोणाला कळू देऊ नये. त्यामुळे आपलं नाव अजरामर होतं आणि आपल्या पोरांनाही नाव कमावायला जागा शिल्लक राहते.