लाइन स्वच्छ होती

टेलिफोन खात्यात, गावोगावचे कॉल जोडणाऱ्या ट्रंक बोर्डावर माझी उमर गेली. त्या जोरावर मी छातीठोकपणे सांगतो की नुसत्या खरखरीवरून बिघाड कुठे आहे ते मला कळतं! घरी मात्र ही विद्या कोणी मानत नाही. दिवसभर "हॅलो पुणे, हॅलो पुणे" करून मी जीव अर्धा करून यावं, आणि बायकोने म्हणावं की तुमी घरात बोलतच नाही. आता काय उरलंय बोलायला!

तर मेहुण्याच्या मुलीचं, गोपिकाचं लग्न होतं. मेहुणे रुपराव भिवापूरचे, पण मांडव नागपुरात, प्रताप नगरात आमच्याच दारात पडायचा होता. नवरदेव पुण्याचा. ऐन वेळी रुपरावांच्या आई, बायजाबाई, अंथरुणाला खिळल्या. मुलाचे वडील महादेवराव यांचं पत्र आलं, की आजी आजारी आहेत, तर लग्न ठरल्या दिवशी आहे की पुढे ढकलायचं ते लगेच कळवा, म्हणजे आम्ही गाडीत बसतो. पत्र पोचेपर्यंत म्हातारी उठून भाजीत मीठ कमी आहे म्हणून सुनांना बोलायलाही लागली होती.

सिंधू म्हणाली, तार करा. सिंधू म्हणजे माझी बायको. मी म्हटलं, घरात ट्रंकवाला माणूस असताना तार? तारेत माणसाचा सूर कळतो का? रुपरावांना आमच्या घरच्या फोनवर बसवलं, स्वतः बोर्डावर जाऊन पुणे जोडून दिलं आणि कानाला हेडफोन लावून लक्ष ठेवून बसलो.

महादेवरावांनी विचारलं, "लग्नाचं काय ठरलं?" तेवढ्यात लाइन खरखरली. मी ओळखलं, बोर्डावरची दोन गावं जोडणारी दोरी खराब! झटकन प्लग उपसून दुसऱ्या दोरीवर कॉल घेतला. रुपराव नागपुरी माणूस. ते ओरडले होते, "लग्न होऊन राहिलं ना जी!" म्हणजे, होतंय. त्यातलं 'होऊन' नेमकं माझ्या हातात, दोन दोऱ्यांच्या मध्ये राहिलं. पुण्याला पोचलं ते "लग्न राहिलं." मला यात काही खटकलं नाही. नागपूरच्या कानाला 'होऊन' ऐकावं लागत नाही, तो ते आपलं आपण घालून घेतो.

महादेवराव म्हणाले, "राहिलं?"

"राहिलं ना! काहून नाही राहणार?"

"आणि आजी?"

पुन्हा खरखर! मी पुन्हा प्लग बदलला. बायजाबाई त्या दिवशी देवळात गेल्या होत्या, स्वतःच्या पायांनी. रुपराव म्हणाले, "माय गेली ना देवळात." त्यातलं 'देवळात' मी खाल्लं.

पलीकडे जरा शांतता झाली. लांबची लाइन आहे, आवाजाला वेळ लागतो, असं मी समजलो. मग महादेवराव हळूच म्हणाले, की बरं, आम्ही येतो. रुपराव ओरडले, या, या, वाट पाहून राहिलो. तारेत सूर नसतो हे खरं, पण ट्रंक कॉलवर आनंद आणि आकांत एकाच पट्टीत ओरडावे लागतात, हे मी विसरलो होतो.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही बँड घेऊन स्टेशनवर उभे. बायजाबाई पुढे, हातात आरती. गाडीतून महादेवराव आणि तीन वडीलधारी माणसं उतरली. पांढऱ्या टोप्या, पडलेले चेहरे. नवरदेव नाही. बँडवाल्यांनी सुरू केलं आणि एकेक करत थांबवलं.

म्हातारीने आरती खाली घेतली आणि काळजीने विचारलं, "काहून जी, कोन गेलं?"

महादेवराव तिच्याकडे बघत राहिले. म्हणाले, "तुम्ही."

पुढचं मी सांगत नाही. नवरदेवाला सुतकात कशाला आणायचं म्हणून घरी ठेवलं होतं. गोपिका हळद लावून बसलेली, ती रडायला लागली. सगळ्या मांडवाने माझ्याकडे पाहिलं. मी ट्रंक कॉलचं नुसतं नाव काढलं, तर सिंधू म्हणाली, "तुमी त्या दोरीले हात नका लावू." तिने स्वतः जाऊन तार केली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अक्षता वाटायला घेतल्या तेव्हा नवरदेव स्टेशनवरून थेट मांडवात आला, धापा टाकत.

मंगलाष्टकं सुरू झाली आणि घरातला फोन वाजला. पुण्याहून नवरदेवाचे काका आनंदराव. घर सांभाळायला मागे राहिले होते. बिचाऱ्यांनी विचारलं, लग्नाचं काय झालं? अंतरपाट अजून धरलेला होता. माझ्या भाषेत खरं उत्तर एकच होतं, लागून राहिलं. पण दारात सिंधू उभी होती. मी तोंड मिटून धरलं. टाळ्या वाजल्या, अंतरपाट खाली आला, तेव्हा मी जपून, एकच शब्द, अगदी पुणेरी उच्चारला, "लागलं."

लाइन स्वच्छ होती. अजिबात खरखर नव्हती.

"अरे देवा," आनंदराव म्हणाले, "कोणाला?"