दुसरी शेगडी

योगिनीच्या पिशवीतून हातभर लांबीची, एकाच बर्नरची नवीकोरी शेगडी निघाली आणि कुसाबाईंच्या हातातली मेथीची जुडी हातातच राहिली.

"ही कशाला गं? आपली चांगली धडधाकट हे की."

"असू द्या आई, लागते कधीतरी," म्हणत सुनेनं ती झटकन पलंगाखाली सरकवली.

घरात दुसरी शेगडी 'कधीतरी' लागत नाही, हे कुसाबाईंना कोणी सांगायला नको होतं. देवळ्याला त्यांच्या सासरी मोठं खटलं होतं. धाकटे दीर गेणूभाऊ वेगळे निघाले तेव्हा ना भांडण झालं, ना कोणाचा आवाज चढला. एका सकाळी धाकट्या जावेनं पडवीच्या कोपऱ्यात तीन विटा मांडल्या, त्यावर चहा ठेवला, आणि सासूबाईंना जे कळायचं ते कळलं. शेताचे तुकडे, विहिरीच्या पाळ्या हे सगळं नंतरचं. घर फुटलं ते त्या चहाच्या पहिल्या उकळीला. इतकी वर्षं झाली, तरी त्या चहाचा वास कुसाबाईंच्या नाकातून गेला नव्हता. गवती चहा घातला होता मेलीनं!

त्या दिवसापासून कुसाबाईंनी घरावर नजर ठेवली. शेगडीमागून चिमुकला कुकर आला. मग मसाल्याचा डबा. मग ताटल्या आल्या, त्याही दोनच. रोहितच्या केसांत रोज संध्याकाळी लाकडाचा भुसा दिसायला लागला.

"हापिसात भुसा कुठनं आला रे?"

"फर्निचरचं काम चाललंय आई," असं म्हणून रोहित सरळ बाथरूममध्ये शिरायचा.

एकदा तो असाच आंघोळीला गेलेला असताना त्याचा फोन वाजला. कुसाबाईंनी उचलून 'हॅलो' म्हटलं. पलीकडचा माणूस दम न घेता सुरू झाला, "म्याडम, सोमनाथ बोलतोय, वेल्डिंगवाला. पलंग बसला. बेसिन खिडकीखाली घेऊ का दारापाशी?"

कुसाबाईंनी आवाज बारीक केला. "बघायलाच येते. शेड कुठं हे तुमची?"

"अंबडला, वजनकाट्यासमोर."

दुपारी शेजारच्या शकुबाईंना सोबत घेऊन कुसाबाई रिक्षानं इंदिरानगरहून अंबडला पोचल्या. शेडमध्ये एक पांढरा टेम्पो उभा होता. पिंपळगावला द्राक्षाच्या पेट्या वाहून म्हातारा झालेला. पण आता त्याला खिडक्या पाडल्या होत्या, आणि खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे!

साहेबांच्या आई आल्या म्हणताच सोमनाथला हुरूप चढला. "या मावशी! हा पलंग. ही वट्ट्याची जागा, इथं शेगडी बसंल. वर पाण्याची टाकी, मागं संडास-बाथरूम. अहो, माणसाला परत घराचं तोंड बघायची गरज नाय!"

"आणि राहणार कुठं हे?" कुसाबाईंनी पडद्याचं कापड चाचपत विचारलं.

"कुठं बी! आज इथं, उद्या तिथं. कुणाला पत्ता लागत नाय."

"पलंग किती माणसांचा हे?"

"दोघांचा. साहेब अन् म्याडम, दोघंच ना?"

परतीच्या रिक्षात शकुबाई म्हणाल्या, "माझा सुनील वेगळा झाला, त्यानं निदान फ्लॅट तरी घेतला हो. हे चाकावरचं घर म्हणजे लयच पुढचं झालं. भांडायला जायचं तरी कुठं जाणार?"

घरी येताच कुसाबाईंनी देवळ्याला भावाला फोन लावला; त्यांचं माहेरही त्याच गावचं. "देवराम, पोरगं हातचं चाललं. एकुलतं एक हे. चार माणसं घेऊन ये."

चार मिळाली नाहीत, पण दोन वयस्कर पाहुण्यांना जीपमध्ये घालून देवराममामा रविवारी सकाळीच हजर झाले. नेमका तेव्हाच रोहित सजवलेला टेम्पो घेऊन पार्किंगमध्ये शिरत होता. समोर टोपीवाले तिघं बघून त्याला वाटलं, आईनं गाडीच्या पूजेलाच बोलावलं की काय!

वर सगळे बैठकीला बसले. मामांनी घसा साफ केला.

"भाच्या, निघायचं ठरलं का तुमचं?"

"ठरलं मामा," रोहित चाचरला. "आईला सांगणारच होतो."

"अन् तिचं काय?"

"तिला प्रवास झेपला तर पंधरा दिवसांतून एकदा तिलाही नेऊ की."

"पंधरा दिवसांतून एकदा!" मामा पाहुण्यांकडे वळले. "ऐकलं का?"

"पावसाळ्यात मात्र नाही जमणार," योगिनीनं समजूतदारपणे सांगितलं.

कुसाबाईंनी डोळ्याला पदर लावला. "मी काय कमी केलं गं तुम्हाला? माझ्या हाताखाली जड झालं, तर तसं तोंडानं बोलायचं! मी एकटी काय भिंतींशी बोलू?"

मग कुठे रोहितच्या डोक्यात प्रकाश पडला. "अगं आई, ती फिरायची गाडी आहे! सुट्टीत डोंगरात जायचं, तिथंच स्वयंपाक करायचा, तिथंच झोपायचं आणि घरी परत यायचं."

"घर असून टेम्पोत झोपायचं?" मामांनी विचारलं.

"हो."

"कशापायी?"

"मजा म्हणून."

पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. वेगळं निघणं त्यांना समजत होतं; हे समजेना.

"मग मला चोरून कशाला?" कुसाबाईंनी विचारलं.

"तू नको म्हणशील म्हणून."

"म्हणलेच असते!"

तरीही त्यांच्या मनातली पाल चुकचुकायची थांबेना. आणि देवळ्याहून आलेली माणसं निवाडा न करता जेवून परत जातील, हेही शक्य नव्हतं. मामांनी मिशीवरून हात फिरवला. "पोरं खरं बोलत असतील, नसतीलही. गाडीची किल्ली कुसाताईपाशी राहील. आई परवानगी देईल तेव्हाच गाडी हलंल."

रोहितनं खिशातून किल्ली काढून दिली. कुसाबाईंनी ती कमरेला खोचली, तेव्हा कुठे त्यांना घास गोड लागला.

नंतर काही दिवस घर शांत होतं. दुपारी मात्र कुसाबाई "गाडीची खिडकी उघडून वारा लागू देते" म्हणून खाली जायच्या, त्या दिवेलागणीलाच वर यायच्या. साखरेचा डबा भराभर हलका होऊ लागला. चहाची गाळणी नाहीशी झाली. योगिनीला काही सुचेना. एवढा वारा गाडीला कशाला लागतो?

शेवटी भंडारदऱ्याला जायचं ठरलं. कुसाबाईंचा मूड बरा बघून परवानगीही मिळवली होती. शनिवारी दुपारी दोघं बॅगा घेऊन खाली आले, तर गाडीचे पडदे ओढलेले. आत हशा चालला होता. रोहितनं दार वाजवताच हशा एकदम बंद झाला. पडदा दोन बोटं सरकला आणि आईचा एक डोळा दिसला.

"काय पाहिजे?"

"आई, आज निघायचं होतं ना?"

"आज कसं जमंल? शकुबाई आल्यात, तळमजल्याच्या लंकाबाई आल्यात. पापडाचं पीठ भिजवलंय."

"गाडीत?"

"मग कुठं? माझ्याकडंच करणार ना!"

पडदा बंद झाला. योगिनी बॅग धरून तशीच उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "रोहित, आई वेगळ्या निघाल्या."

एवढ्यात दार फटीएवढं उघडलं. आतून एक रिकामी वाटी बाहेर आली.

"योगिनी, वर चालली असशील तर तुमच्यातलं वाटीभर दूध दे गं. संध्याकाळी परत करीन."