दोन बूस्टरचा डबा

रविवारी सकाळी दहा वाजून पन्नास मिनिटांनी सेक्रेटरींनी बसल्या जागेवरून सव्वीस बिऱ्हाडांची अब्रू काढली. मात्र असं काही घडलंच नाही, असा ठराव त्याच दिवशी एकमताने मंजूर झालेला आहे. त्यामुळे आपणही ते घडलेलं नाही असं धरून चालू आणि डब्यापासून सुरुवात करू.

डबा चहापत्तीचा, पत्र्याचा. त्यात सेक्रेटरींनी तीन महिने खपून गिटारचा आवाज वाढवणारी दोन सर्किटं बसवली होती. अशा सर्किटाला बूस्टर म्हणतात. बाजारात एका डब्यात एक मिळतो. पण बँकेतली नोकरी आणि सोसायटीचं सेक्रेटरीपद नऊ वर्षं एकाच डोक्यात मावलेल्या माणसाला एका डब्यात दोन बूस्टर म्हणजे किस झाड की पत्ती.

पद त्यांना नकोच होतं. आजवर सात राजीनामे दिले आणि सातही सभेने टाळ्या वाजवून फेटाळले, कारण पाण्याचा पंप बंद पडला की पहाटे दुसरं कोण उठणार? आज अकराच्या सभेत आठवा द्यायचा होता. तो मंजूर झाला की रविवार आपला, गिटार आपली.

"पहिला बूस्टर आवाज दहा पट करतो," ते बायकोला म्हणाले. "दुसराही दहा पट. दोन्ही बटणं दाबली की वीस पट."

बायको शाळेत गणित शिकवायची. वह्या तपासता तपासता, मान वर न करता ती म्हणाली, "दहा दाहे शंभर."

"अगं, बेरीज आहे ती."

"पहिल्यातून निघालेलं दुसऱ्यात जातं ना? मग गुणाकार. बँकेतही असंच करता का?"

सेक्रेटरींनी न ऐकल्यासारखं करून डब्याची वायर सोसायटीच्या लाउडस्पीकरच्या मशीनमध्ये खुपसली. मशीन सेक्रेटरीच्या घरात आणि भोंगा खाली पार्किंगमध्ये, अशी जुनी वाटणी होती. मधली वायर रंगकामाच्या वेळी काढलेली, ती अजून पार्किंगच्या भिंतीवर लोंबत असणार. म्हणजे आवाज कुठेच जाणार नव्हता. मशीनवरचा काटा हलला की डबा चालला, एवढंच बघायचं होतं.

त्यांनी खिडक्या लावून घेतल्या, गिटार डब्याला जोडून मांडीवर घेतली, दोन्ही बटणं दाबली आणि तारेला हात लावायच्या आधी घसा खाकरला. काटा टुणकन उडाला.

"बघितलंस? मी नुसता खाकरलो. गिटारला ऐकू येतंय."

"म्हातारी झालीय ती. तारांखालच्या चुंबकाचं वेटोळं सैल झालं असेल, बोलण्यानं हलत असेल. शंभर पटीत तेवढंसुद्धा कळणार."

सेक्रेटरींच्या अंगात शास्त्रज्ञ संचारला. "तळमजल्यावरचे कॅप्टन," ते गिटारच्या पोटाशी तोंड नेऊन म्हणाले. काटा तीनवर. "कॅप्टनांनी पाणी पाहिलं ते बादलीतलं." काटा पाचवर.

"अहो, काय हे."

"प्रयोग आहे. आता अध्यक्ष. दातांचे डॉक्टर. जगाची तोंडं उघडतात, सभेत स्वतःचं उघडत नाहीत." सहा. "चौथ्या मजल्यावरच्या मुख्याध्यापिकाबाई. लिफ्टमध्ये एकट्या असल्या तरी हजेरी घेतात." सात.

बायकोने लाल पेन खाली ठेवलं. खुर्ची जरा पुढे ओढली. "आणि सहाव्या मजल्यावरचे ते? आपला पेपर आधी वाचून, घडी घालून परत दाराशी ठेवणारे?"

काटा नऊवर.

"तुझा आवाज चांगला लागतो," सेक्रेटरी कौतुकाने म्हणाले.

दोघांनी मिळून सव्वीस बिऱ्हाडं नऊ मिनिटांत उरकली. तेवढ्यात बेल वाजली. दारात वॉचमन.

"साहेब, सभा आहे म्हणून वायर मी सकाळीच जोडून ठेवली होती. सगळे खाली जमलेत. आवाज एकदम स्वच्छ येतोय." तो घुटमळला. "माझं राहिलंय का?"

बायकोने पेनला टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. काटा शून्यावर होता, कारण घरात कुणी श्वासही घेत नव्हतं.

सेक्रेटरी जिना उतरायला लागले. दुसऱ्या मजल्यावर एक विचार आला की आता आपल्याला हाकलतील. पहिल्या मजल्यावर तो विचार आवडायला लागला. पार्किंगमध्ये पोचेपर्यंत सेक्रेटरींना हसू दाबावं लागत होतं.

खाली सगळे पुतळ्यासारखे बसले होते. कॅप्टन बुटांकडे बघत होते.

"माझ्याकडून जे घडलं," सेक्रेटरी म्हणाले, "त्याबद्दल मी राजीनामा..."

"काय घडलं?" मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं.

"मी वरून बोललो ते."

"कुणी काही ऐकलं का?" बाईंनी चष्म्यावरून नजर फिरवली. सव्वीस माना आडव्या हलल्या.

मग दातांच्या डॉक्टरांनी नऊ वर्षांत पहिल्यांदा सभेत तोंड उघडलं. "सेक्रेटरी, पदावरचा माणूस जपून बोलतो. तुम्ही जे बोलला नाहीत, ते जपूनसुद्धा नऊ मिनिटं बोलला नाहीत. पदावरून मोकळं सोडलं तर आमचं काय होईल?"

"माझं सोडा," सहाव्या मजल्यावरचे गृहस्थ हसून ओले झालेले डोळे पुसत पुटपुटले, "पण बाकी पंचवीस जणांचं अगदी तंतोतंत होतं."

तीन ठराव झाले. एक, काही घडलेलं नाही. दोन, सेक्रेटरी तहहयात. तीन, भोंगा इतका स्वच्छ आजवर कधी बोलला नव्हता, म्हणून चहापत्तीचा डबा सोसायटीच्या मालकीचा करून मीटरच्या खोलीत कुलपात ठेवावा. तो हवा असल्यास सेक्रेटरींकडे लेखी अर्ज करावा.

सेक्रेटरी वर आले. बायकोने न मागता कागद पुढे सरकवला.

प्रति,
माननीय सेक्रेटरी यांस,
अर्जदार : सेक्रेटरी.
विषय : तहहयात पदातून हयातीतच मुक्त करणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदारास पदमुक्त करण्यात यावे. ते शक्य नसल्यास, सदर डबा दर रविवारी एक तास, एका वेळी एकच बटण दाबण्याच्या लेखी हमीवर आणि घरात कुणीही काहीही न बोलण्याच्या अटीवर, अर्जदाराच्या ताब्यात मिळावा, ही नम्र विनंती.